गीतांची क्रमवारी आणि गीतांचे गाजणे

एखादे गीत पुष्कळांच्या तोंडी झाले असे सांगावयाचे असता मराठी माणूस सहजपणे 'ते गाणे गाजले' असे म्हणतो. 'गाजणे' हे क्रियापद संस्कृत 'गर्ज्' धातूपासून प्राकृतातील 'गज्ज' या रूपाच्या द्वारे मराठीत आले. ते अकर्मक आहे. गाजण्याची क्रिया गीताकडेच असते. ते कोणी गाजविले याचा उल्लेख नसला तरी वाक्य पुरे होते. 'त्या गाण्याचा पहिला क्रमांक लागला' या वाक्याची गोष्ट निराळी. तेथे क्रमांक लावणारा कोणीतरी गृहीत धरावा लागतो : मोजमापाचे एकक ठरविणारा, गणना करणारा आणि निकाल जाहीर करणारा. लोकप्रिय गीतांच्या साप्ताहिक क्रमयाद्यांना आंतरजालाच्या युगात काही अर्थ उरला आहे काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. त्याचा विचार करताना या दोन वाक्यांतील अंतर ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल. कारण क्रमयादीचा सगळा इतिहास म्हणजे दुसऱ्या वाक्याने पहिल्याची जागा घेण्याचा प्रयत्न होय, आणि तो प्रयत्न कोठवर साधला हाच खरा वादाचा विषय आहे.

क्रमयादीची प्रथा पाश्चात्त्य. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' या व्यापारी नियतकालिकाने 1940 मध्ये तबकड्यांच्या विक्रीवर आधारलेली यादी सुरू केली, आणि आज प्रसिद्ध असलेली शंभर गीतांची यादी 1958 च्या ऑगस्टपासून दिली. इंग्लंडमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या पत्राने पहिली यादी 14 नोव्हेंबर 1952 रोजी छापली. तीसाठी सुमारे वीस दुकानदारांना दूरध्वनी करून खपाची विचारणा करण्यात आली होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 3 डिसेंबर 1952 रोजी, रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. हा योगायोगच म्हणावयाचा. तथापि त्यामागील भारतीय कारण स्वतंत्र होते आणि त्याचा संबंध एका मराठी गृहस्थाशी पोहोचतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे 1952 मध्ये केंद्राचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीताच्या कळवळ्याने त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला. श्रोत्यांनी आपल्या यंत्राची खुंटी सिलोनकडे फिरविली. 1957 मध्ये 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीला चित्रपटगीते पुन्हा घरात घ्यावी लागली खरी. पण दरम्यान बुधवारची संध्याकाळ अमीन सयानींची झाली होती.

गीतमालेच्या आरंभीच्या स्वरूपाकडे सहसा दुर्लक्ष होते. ती प्रथम क्रमयादी नव्हतीच. सात गीते क्रम न लावता ऐकविली जात आणि त्यांचा क्रम लावून पाठविण्याचे काम श्रोत्यांकडे असे. सयानींनी पुढे सांगितल्याप्रमाणे पहिल्याच कार्यक्रमाला 9000 पत्रे आली, आणि संख्या इतकी वाढत गेली की पत्रे मोजणेच अशक्य झाले. त्यामुळे 1954 पासून कार्यक्रमाने स्वतःच क्रम लावून देण्याची पद्धत स्वीकारली. तबकड्या विकणाऱ्या दुकानांकडून मिळणारे आकडे आणि गावोगावच्या श्रोतासंघांची मते हे तिचे आधार होते. म्हणजे क्रम लावणारा श्रोता क्रम ऐकणारा झाला. हा बदल सोयीसाठी झाला. परंतु पुढील सत्तर वर्षांत मोजमापाची जी जी सुधारणा झाली तिची दिशा हीच राहिली.

या कार्यक्रमाने रूढ केलेल्या परिभाषेत एक गंमत आहे. क्रमांकाला सयानी 'पायदान' म्हणत आणि दीर्घकाळ टिकलेल्या गीताला बिगुलाच्या गजरात 'सरताज गीत' म्हणून निरोप देत. फारसीत 'पा' म्हणजे पाय आणि 'सर' म्हणजे मस्तक. पायापासून मस्तकापर्यंतची ही चढण श्रोत्याला शब्दांतूनच जाणवत असे. 'पायरी' हा आपला शब्द जवळचा असल्यामुळे मराठी कानाला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे सारे उच्चारले जात होते. छापील यादीत वाचक प्रथम पहिल्या क्रमांकाकडे पाहतो आणि उरलेली यादी त्याच्या दृष्टीने संपते. गीतमालेत तळापासून वर जावे लागे, आणि तेही सर्वांना एकाच वेळी. कराडच्या पेठेतील दुकानात, मिरजेच्या उपाहारगृहात किंवा ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती बसलेल्या माणसाला गीताचा क्रमांक तर कळेच, शिवाय तो इतरांनाही याच क्षणी कळत आहे हेही कळे. दुसऱ्या दिवशी त्याविषयी बोलता येई ते या दुहेरी ज्ञानामुळे. भाषाशास्त्राच्या अंगाने पाहता क्रमांकाची घोषणा ही वस्तुस्थितीचे निवेदन करणारी उक्ती नव्हती. ती वस्तुस्थिती घडविणारी उक्ती होती. सभापतीने सभा सुरू झाल्याचे जाहीर करावे आणि त्यामुळेच सभा सुरू व्हावी, त्यातला हा प्रकार.

मात्र येथे जुन्या काळाविषयीच्या हळवेपणाने वाहून जाऊ नये. 'पूर्वीची यादी खरी होती, आताचे आकडे खोटे आहेत' असे म्हणणाऱ्यांनी सातारा-सांगलीच्या नकाशावर ती यादी ठेवून पाहावी. तबकडी विकत घेण्यासाठी प्रथम ग्रामोफोन हवा. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतील किती घरांत तो होता? दुकानदाराच्या वहीत या भागाची नोंद होण्याचा संभव फार थोडा. शिवाय वहीतील आकडाही निर्मळ होता असे नाही. आपल्याच चित्रपटाच्या तबकड्या मोठ्या संख्येने विकत घेऊन क्रमांक वर नेण्याचे प्रयत्न त्या काळीही होत, आणि ते ओळखून काढणे हे कार्यक्रमाच्या चालकांचे एक कामच होऊन बसले होते. आणखी एक गोष्ट अशी की गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची. मराठी गीताला तीत स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता.

तरीही या दोन जिल्ह्यांत गाणी गाजत होती, आणि गाजण्याची मापेही होती. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले त्या सांगलीला संगीत नाटकाचे माप ठाऊक होते : वन्समोर. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीने इतका आपला केला की 'वन्समोर घेणे' असे क्रियापदच तयार झाले. प्रेक्षागृहातील माणसे तेथल्या तेथे निकाल देत, आणि निकालाचे फळही, म्हणजे तेच पद पुन्हा, तेथल्या तेथे मिळे. तमाशाचे माप दौलतजादा. लावणी आवडली की रसिक पैसे देऊन ती पुन्हा म्हणावयास लावी आणि देणाऱ्याचे नाव फडावर पुकारले जाई. हे माप निष्पक्षपाती नव्हते, उघडच आहे. ज्याच्या खिशात पैसा त्याची आवड मोठी. परंतु कोणी किती दिले हे सर्वांसमक्ष घडत असे. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या फडाला गर्दी किती होते हे पंचक्रोशीला माहीत असे, आणि त्यासाठी यादी छापावी लागत नसे.

या प्रदेशाशी संबंधित तीन उदाहरणे पाहिली म्हणजे क्रमयादीच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतील. आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि सुधीर फडके यांच्या संगीतात 56 गीतांनी पुरे झाले. आठवड्यातून एक गीत, म्हणजे लय गीतमालेचीच. पण येथे क्रम होता तो कथेचा. दुसरे गीत पहिल्याला मागे टाकीत नव्हते, पुढे नेत होते. एकाच दशकात, एकाच माध्यमात, साप्ताहिक श्रवणाच्या या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या आणि श्रोतेही बहुधा तेच होते. दुसरे उदाहरण वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती जिच्या तिच्या ओठी होती. तिचा क्रमांक कोणी लावला नाही आणि लावला असता तर काय कळले असते, हेही सांगणे कठीण आहे. वाई तालुक्यातील पसरणीचे शाहीर साबळे हे तिसरे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि साबळे यांचा आवाज असलेले महाराष्ट्रगीत 2023 मध्ये राज्यगीत झाले. साठ वर्षांहून अधिक काळ ते शाळाशाळांतून, सभांतून, मिरवणुकांतून टिकले. आठवड्याचे माप घेऊन बसलेल्या यादीला असली गोष्ट दिसतच नाही. कारण जे गीत कधीही शिखरावर नसते पण कधी खालीही येत नाही, त्याला आठवड्याच्या हिशेबात नाव नाही.

आता आंतरजालाने काय पालटले ते पाहावे. बदल मुख्यतः एककात झाला आहे. पूर्वी एकक होते एका तबकडीची खरेदी. ती एकदाच होई. घरी नेलेली तबकडी शंभर वेळा वाजली काय किंवा एकदाच वाजून कपाटात गेली काय, नोंद एकच. आज एकक आहे एकेक श्रवण. स्पॉटिफाय या सेवेत गीत 30 सेकंद वाजले की एक श्रवण धरले जाते. इंग्लंडच्या अधिकृत यादीने 2014 मध्ये श्रवणांचा समावेश केला तेव्हा 100 श्रवणे म्हणजे एक विक्री असे कोष्टक ठरविले, आणि 2017 मध्ये ते 150 वर नेले. ही कोष्टके पाहिली म्हणजे मापनाचा आव गळून पडतो. दीडशे वेळा ऐकणे म्हणजे एकदा विकत घेणे, हे समीकरण निसर्गात कोठेही नाही. ते बैठकीत ठरलेले आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये एड शीरन या एकाच गायकाची 16 गीते पहिल्या विसांत आली. लोकांनी नवा संग्रह सलग ऐकला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु यादी हास्यास्पद दिसू लागली, तेव्हा एका मुख्य कलावंताची तीनच गीते घ्यावयाची आणि जुन्या होत चाललेल्या गीतांच्या श्रवणांना कमी मोल द्यावयाचे, असे नियम करण्यात आले.

हा दुसरा नियम विचार करण्याजोगा आहे. 'सरताज' म्हणून गीताला सन्मानाने घरी पाठविण्याची गीतमालेची रीत आणि लंडनच्या यादीचा हा नियम यांचे प्रयोजन एकच. जुने हटले नाही तर नवे दिसत नाही, आणि नवे दिसले नाही तर यादीचा आठवडा म्हणजे मागच्या आठवड्याची नक्कल. दुकानात जुनी तबकडी मिळेनाशी होई. विस्मरणाचे काम बाजारच करून टाकी. आंतरजालावर सर्व काही सदैव मिळते, त्यामुळे विसरावयाचे ते नियमाने विसरावे लागते. केट बुश यांचे 1985 चे एक गीत 2022 मध्ये एका दूरचित्रमालिकेमुळे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर आले. त्यासाठी यादीच्या चालकांना आपल्याच नियमातून त्या गीताला सूट द्यावी लागली. आपल्याकडे असल्या पुनरागमनाचे कोणालाही आश्चर्य वाटत नाही. प्रल्हाद शिंदे 2004 मध्ये निवर्तले. परंतु भाद्रपद आला की त्यांचा आवाज येतोच. पंचांग ही आपली जुनी क्रमयादी आहे आणि ती वर्षाने फिरते, आठवड्याने नव्हे.

आकड्यांच्या शुद्धतेबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. 2019 च्या जुलैमध्ये बादशाह या गायकाच्या एका हिंदी गीताला यूट्यूबवर चोवीस तासांत साडेसात कोटी दर्शने मिळाल्याचा विक्रम सांगण्यात आला. त्यात जाहिरातीच्या द्वारे मिळविलेली दर्शनेही होती असे दिसून आल्यावर, त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये यूट्यूबने असली दर्शने विक्रमांच्या व याद्यांच्या हिशेबातून वगळली. तबकड्या विकत घेणारा निर्माता आणि दर्शने विकत घेणारी कंपनी यांत तत्त्वतः भेद नाही. भेद आहे तो प्रमाणात.

एककाचा परिणाम मात्र गीताच्या घडणीपर्यंत पोहोचतो आणि अभ्यासकाने लक्ष द्यावयाचे ते येथे. तीस सेकंदांत श्रोता निसटू नये म्हणून वाद्यसंगीताची प्रस्तावना आखडते, ध्रुवपद पुढे सरकते आणि अंतरे कमी होतात. मराठी भावगीताचा बांध असा की मुखड्यात सूचित झालेला भाव अंतऱ्यांतून उलगडत जावा आणि शेवटच्या अंतऱ्यात त्याला कलाटणी मिळावी. माडगूळकरांच्या पिढीची कित्येक गीते शेवटचा अंतरा ऐकल्यावाचून कळतच नाहीत. जेथे पहिला अंतरा संपण्यापूर्वी हिशेब पुरा होतो, तेथे शेवटच्या अंतऱ्यासाठी कवीने श्रम का करावेत?

लघुचित्रफितींच्या प्रसाराने हे अधिकच तीव्र झाले आहे. 2023 मध्ये शाहीर साबळे यांच्या जीवनावर 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट आला. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे संगीत अजय-अतुल यांचे. त्यातील एका प्रेमगीताच्या काही ओळींवर देशभर आणि देशाबाहेरही लोकांनी नृत्याच्या चित्रफिती केल्या. गीत गोड आहे, गुरू ठाकूर यांची शब्दकळाही सुबक आहे, आणि मराठी शब्द न समजणारी माणसे त्यावर नाचली हे लहानसहान यश नव्हे. परंतु चित्रपट ज्याचा, त्या पसरणीच्या शाहिराचा पोवाडा काही त्या प्रवाहातून वाहत गेला नाही. पोवाड्याला चढत जावयास वेळ लागतो. पुढील वर्षी संजू राठोड यांच्या 'गुलाबी साडी'ने दाखविले की चित्रपटाचा वा मोठ्या संस्थेचा आधार नसलेले मराठी गीतही या वाटेने देशभर पोहोचू शकते. जुन्या दुकानदाराच्या वहीत असल्या गीताला दार उघडले नसते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. नवे मापन अनेक बाबतींत जुन्याहून उदार आहे; फक्त त्याच्या दारातून आत यावयाचे तर वाकून, म्हणजे आखूड होऊन, यावे लागते. असल्या प्रसाराला लोक 'व्हायरल' म्हणतात. रोगाच्या प्रसाराला मराठीत 'साथ' म्हणतात आणि गाण्याच्या सोबतीलाही 'साथ'च. तो शब्द हाताशी असता परका का स्वीकारला, याचे नवल वाटते.

मग प्रश्नाचे उत्तर काय? व्यापाराच्या दृष्टीने क्रमयादी आजही महत्त्वाची आहे. गायकाची बिदागी, जाहिरातदारांचा कल, पुढील करार हे सारे आकड्यांवर ठरते, आणि पूर्वीपेक्षा अधिक ठरते. श्रोत्याच्या दृष्टीने मात्र ती क्षीण झाली, कारण तिची उक्ती नाहीशी झाली. आकडा सर्वांना दिसतो, पण एकाच वेळी कोणीही ऐकत नाही. प्रत्येकाच्या पुढे त्याच्याच मागील आवडीवरून तयार झालेली निराळी यादी येते, आणि शेजाऱ्याची यादी कोणती हे शेजाऱ्यालाच ठाऊक. 'आपली आवड' या आकाशवाणीच्या फर्माइशी कार्यक्रमाचे नाव येथे आठवते. त्यातील 'आपली' या सर्वनामात 'तुमची' आणि 'आपणा सर्वांची' असे दोन्ही अर्थ होते. गीत एकाने मागितलेले असे, त्यापूर्वी मागणाऱ्यांची नावे गावासह वाचली जात आणि ते सर्वांना ऐकावे लागे. 1963 मध्ये सांगलीला आकाशवाणीचे केंद्र झाले आणि या मुलखातील गावांची नावे आपल्याच केंद्रावरून ऐकू येऊ लागली, याचे अप्रूप वृद्ध श्रोत्यांना अद्याप वाटते. यंत्राने सुचविलेल्या यादीतील आवड पहिल्याच अर्थाने 'आपली' असते.

यात जिल्ह्याचे काय होते तेही पाहिले पाहिजे. प्रसिद्ध होणाऱ्या याद्या देशवार किंवा फार तर महानगरवार असतात. जिल्हा हे त्यांचे एकक नव्हे. दुसरे वर्गीकरण भाषेचे. परंतु जत तालुक्याच्या पूर्वभागात घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या ऐकण्याचा एक भाग एका रकान्यात आणि दुसरा भाग दुसऱ्या रकान्यात जातो. त्या दोहोंच्या मिश्रणाने बनलेली त्यांची जी खरी रुची, ती कोठल्याच रकान्यात उमटत नाही. बोलींच्या अभ्यासात सीमाभागाविषयी हीच चूक होत आली आहे.

आणि डॉल्बी. हा शब्द या दोन जिल्ह्यांत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसाठी सामान्यनाम झाला आहे. एका विदेशी संशोधकाचे आडनाव येथे 'लावली जाते', 'फुटते' आणि 'बंद पडते'. तिच्या आवाजाच्या उपद्रवाविषयी वाद नाही. पण कोणते गीत गाजले हे आज सातारा-सांगलीत सर्वांसमक्ष ठरते ते तिच्यापुढे, बेंजो पार्टीपुढे आणि लग्नातील बँडपुढे. तासगावच्या रथोत्सवाला किंवा एखाद्या वरातीत एका मोबाइलवरून वाजलेले गीत हजार माणसे ऐकतात, नाचतात, पुन्हा मागतात. हिशेबात त्याची नोंद झालीच तर एक श्रवण म्हणून होते. आणि गाणे अगोदर उतरवून घेऊन जोडमिश्रण केलेले असेल, बहुधा असतेच, तर नोंद शून्य. उलट झोपी गेलेल्या माणसाच्या उशाशी रात्रभर वाजत राहिलेली यादी पन्नासावर श्रवणांची भर घालते. वन्समोर आणि दौलतजादा ही मापे नष्ट झालेली नाहीत. ती मिरवणुकीत गेली आहेत, आणि तेथे वही घेऊन कोणी उभे नाही. एका गणेशोत्सवात दहा गावांच्या विसर्जन-मिरवणुकींतील गीतांची, वाजल्याच्या वेळेसह आणि पुन्हा मागणी झाल्याच्या खुणेसह, नुसती टिपणे केली तरी जे हाती लागेल ते कोणत्याही प्रसिद्ध यादीत नाही. हे काम पदव्युत्तर वर्गाच्या आवाक्यातले आहे. त्याला कागद, पेन्सिल आणि कानात घालावयाचा कापूस यांपलीकडे साधनसामग्री लागत नाही.